सव्वीस घनफुटांचा हिशेब

‘दारासमोर दहा बाय आठचा काँक्रीटचा ओटा घालायचाय, किती खर्च येईल?’ असा फोन आला की आपल्यापैकी बहुतेक जण चौरस फुटाचा भाव सांगून मोकळे होतात. ८० गुणिले भाव, झाला अंदाज. मोठ्या स्लॅबला हा हिशेब एक वेळ चालतो. एवढ्याशा कामात मात्र तो ठेकेदाराला तरी बुडवतो, नाही तर घरमालकाला. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीचा आधार घेतला तरी फारसा फरक पडत नाही, कारण ते दर मोठ्या कामांच्या चालीवर बसवलेले असतात.

चार इंच जाडी धरली तर काँक्रीट भरते २६.६७ घनफूट, म्हणजे पाऊण घनमीटर. एम-२० साठी १:१.५:३ चा माल धरला की सिमेंट सहा गोणी, वाळू ११ घनफूट, खडी २२ घनफूट. कागदावर एवढेच. पण ११ घनफूट वाळू मोजून कोण देतो? टेम्पो येतो तो अर्ध्या ब्रासचा, ५० घनफुटांचा. मिक्सर आणला तर सहा गोण्यांचा माल दोन-तीन तासांत निघतो, भाडे मात्र पूर्ण दिवसाचे, वर नेण्या-आणण्याचा खर्च वेगळा. मिस्त्री आणि बिगारी तासावर येत नाहीत. रेडीमिक्सची सहा घनमीटरची गाडी पाऊण घनमीटरसाठी बोलावण्यात तर अर्थच नाही. म्हणून अशा कामाचा अंदाज आधी फेऱ्या आणि रोज यांवर मांडावा, घनफूट नंतर. सिमेंटचा भाव लिहिताना जुना तक्ता पुढे ओढू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे.

खरी गळती होते ती जमिनीत. खोदाई करून दोरी बांधा आणि दर दोन फुटांवर दोरीपासून तळापर्यंत टेप लावा. कुठे चार इंच येतील, कुठे साडेपाच. सरासरी एक इंच जरी वाढला तरी काँक्रीट पावणेसात घनफुटांनी वाढते, म्हणजे दीड गोणी सिमेंट. ठरलेल्या मालाचा चौथा हिस्सा! उताराचेही तसेच. पाणी दारापासून लांब जावे म्हणून फुटाला पाव इंच उतार धरतो, म्हणजे आठ फुटांत दोन इंच. तळ सपाट ठेवून हा उतार काँक्रीटमध्ये काढला की भिंतीकडची जाडी सहा इंचांवर जाते, सरासरी पाच होते आणि तीच दीड गोणी पुन्हा गेली. उतार मुरमातच द्यावा. धुमस करताना अर्धा तास जास्त जाईल, तेवढाच काय तो खर्च.

मुरमाची ओळ अनेक अंदाजपत्रकांत नसतेच. काळ्या मातीच्या गावांत तर हे अक्षम्य आहे. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ती माती काढून निदान सहा इंच मुरूम दाबून बसवायला हवा. दाबलेला ४० घनफूट हवा तर सैल साधारण ५० आणावा लागतो, म्हणजे पुन्हा अर्धा ब्रास. घरमालक सळईचा आग्रह धरतात. आठ मिलिमीटरची सळई दोन्हीकडून आठ इंचांवर टाकली तर ३१ किलो लागते. माझे मत स्पष्ट आहे: फक्त पायी वावर असेल तर हे पैसे आधी धुमसावर खर्च करा, तळ कच्चा असेल तर एवढीशी सळई ओट्याला वाचवत नाही. जोत्याच्या भिंतीलगत अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टीही विसरू नका. घर आणि ओटा वेगवेगळे बसतात.

पाणी मारण्याचा खर्च आपण घरमालकाच्या भरवशावर सोडतो. ‘रोज मारतो’ म्हणणारे तिसऱ्या दिवशी विसरतात आणि महिन्याभराने पृष्ठभागाची पूड निघाली की बोल आपल्याला. आयएस ४५६ प्रमाणे पीपीसी सिमेंटला निदान दहा दिवस ओल हवी, कडक उन्हात १४ दिवसांपर्यंत. ओट्यावर वाफे करून पाणी साठवायचे ठरवा. वाफ्यांचा माल आणि रोज एक फेरी मारणाऱ्या माणसाची मजुरी अंदाजात लिहा, नाही तर ते काम घरमालकाचे आहे असे लिहून त्याची सही घ्या.

आणि उरलेल्या मालाचे काय? वरच्या हिशेबात ३९ घनफूट वाळू आणि २८ घनफूट खडी शिल्लक राहते. पूर्ण टेम्पोचे पैसे घरमालकाने दिले असतील तर माल त्याचा. पुढच्या साईटवर न्यायचा असेल तर तेवढी रक्कम बिलातून वजा झाली पाहिजे. बोलणे टेम्पो बोलावण्याआधी व्हावे, आणि अंदाजपत्रकात त्याची स्वतंत्र ओळ असावी.