समाजशास्त्र कीं शब्दशास्त्र ?

समाजशास्त्र घेऊन पदवी मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास बेव्हरिज अहवालाचें वर्ष विचारा. ‘१९४२’ हें उत्तर तत्काळ मिळेल. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा केव्हांचा, असें विचारा. तो खालीं पाहूं लागेल. १९७२च्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्या हातांनीं ज्याची निकड पटविली, ज्याच्या धर्तीवर २००५ सालीं केंद्रानें कायदा केला, तो हा १९७७चा कायदा आमच्या तासाला दोन मिनिटांत उरकतो. दोष मुलांचा नव्हे. शिकविणाऱ्या आम्हां प्राध्यापकांचा आहे.

शास्त्रानें निर्विकार असावें, धोरण हें कचेऱ्यांचें काम, असें आमचे विद्वान् सांगतात. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत हा विषय पॅट्रिक गेडिस यांच्या हातीं आला, तेव्हां तो ‘समाजशास्त्र व नागरिकशास्त्र’ असा जोडविषय होता. आणि हे गृहस्थ तर नगररचनाकार, शहरें पायीं हिंडून पाहणारे! त्यांना काय शास्त्र कळत नव्हतें?

मध्यंतरीं एका विद्यार्थिनीनें प्रबंधासाठीं रोजगार हमीच्या कामांवरील मस्टरें तपासण्याचें योजिलें. तिच्या आजीनें बहात्तर सालीं खडी फोडली होती. ‘हें समाजशास्त्र नव्हे,’ असें म्हणून समितीनें विषय नाकारला. त्या समितींत मीही होतों, आणि गप्प बसलों.