माणूस गेला, कागदही राहिला नाही

लग्नसराईत गुलमंडीवर पाय ठेवायला जागा नसते. कन्नड, सिल्लोड, पैठण, फुलंब्रीकडची मंडळी बस्ता बांधायला येतात, साड्या होतात, मानपानाची कापडं होतात, आणि गाठोडी टेम्पोत टाकून माणसं गाव गाठतात. त्या खर्चाबद्दल आम्ही बोलणार नाही, घरचं कार्य आहे. पण त्याच फेरीत घरातल्या राबत्या माणसासाठी गुडघ्याएवढे रबरी बूट आणि एक चांगली बॅटरी किती जण नेतात? पुढे मृग लागतो, पेरण्या होतात, गवत वाढतं, बांधावर अनवाणी पाय पडू लागतात आणि साप चावल्याच्या बातम्या सुरू होतात.

शेतीच्या पानावर दवाखान्याची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. पण सर्पदंशाने शेतकरी गेला तर त्याच्या कुटुंबाच्या मदतीची फाईल कृषी खात्याच्याच टेबलावर येते, आणि ती फाईल अपुरी का राहते हे आम्हाला तिथे बसून दिसतं. देशात 2000 ते 2019 या 20 वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. बहुतेक खेड्यातली, आणि जवळपास निम्मी 30 ते 69 वयाची, म्हणजे घर चालवणारी. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. दुर्लक्षित हा शब्द अगदी बरोबर आहे, कारण हा रोग गरिबाचा आहे.

जिवावर बेतणारे साप आपल्याकडे मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस नि फुरसे चावले की सूज येते, रक्त गोठायचं थांबतं. नागाच्या विषाने पापण्या जड होतात, श्वास अडकतो. सगळ्यात फसवी मण्यार. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे ओवा-सोडा देतात, आणि डोळे मिटायला लागल्यावर धावपळ सुरू होते. म्हणून पावसाळ्यात शेतातल्या खोपीत झोपणाऱ्याने निदान बाज वापरावी, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते.

चावल्यावर काय करायचं? माणसाला चालू देऊ नका. हाडमोडीला बांधतो तशी काठी किंवा फळी लावून तो हात-पाय स्थिर ठेवा. करकचून दोरी बांधणं, ब्लेड मारणं, तोंडाने विष ओढणं, यातलं काहीही करू नका. दोरीने पाय काळा पडतो, विष थांबत नाही. 108 ला फोन लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने निघा. साप मारून सोबत आणायचीही गरज नाही. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात, ते गोठलं नाही तर विष रक्तात भिनल्याचं कळतं. आपल्याकडचं इंजेक्शन या चारही सापांवर एकच आहे आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं.

भगताकडे नेलेला माणूस बरा झाला, असं गावोगाव सांगतात. ते खोटं नसतं. बहुतेक साप बिनविषारीच असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. असा माणूस कडुनिंबाच्या पाल्यानेही बरा होतो आणि नाव भगताचं होतं. भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचवाने माणसं मरताना त्यांनी पाहिली. पुढे त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग विंचूदंशावर करून दाखवला आणि मृत्यू कितीतरी कमी झाले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्यातल्या केंद्रातही जीव वाचतो, हे आपल्याच भागातल्या माणसाने दाखवलं आहे. फक्त रोगी वेळेत पोचला पाहिजे.

आणि औषधही तिथे असलं पाहिजे. गुलमंडीवर कुणाला काही झालं तर घाटी दवाखाना रिक्षाने थोड्या मिनिटांवर आहे. सोयगावच्या डोंगराकडल्या वस्तीवरून तसं नाही. एका रोग्याला सुरुवातीलाच साधारण 8 ते 10 कुप्या लागतात. तुमच्या आरोग्य केंद्रात आज किती आहेत, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का, हे सरपंचांनी ग्रामसभेत विचारावं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं. आशाताईंना हा विषय त्याच सभेत बोलायला लावा.

आता फाईलीचं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर 1 लाख. वय 10 ते 75. सर्पदंश, विंचूदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, फवारणीची विषबाधा हे सगळं त्यात येतं. 2023 पासून विमा कंपनी मधून गेली, मदत सरकारच देतं. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. पण माणूस भगताकडेच गेला, रातोरात अंत्यविधी झाला, पोलिसांत नोंद नाही, पंचनामा नाही, डॉक्टरचा कागद नाही, तर मृत्यू सापानेच झाला हे त्या बाईने सिद्ध कसं करायचं? दुःखाच्या घरात शवविच्छेदनाचा विषय काढणं कठीण जातं, आम्ही जाणतो. तो पोलीस पाटलांनी काढावा. तलाठ्यांनी वारसाची 6-क ची नोंद त्याच आठवड्यात घेतली तर 30 दिवस पुरतात.

योजनेत एक उणीव आहे, ती सांगितलीच पाहिजे. खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली आणखी एक व्यक्ती यांना संरक्षण आहे. त्या कुटुंबात आई-वडील, पती-पत्नी, मुलगा आणि अविवाहित मुलगी मोजली आहे. सुनेचं नाव यादीत नाही, आणि खुरपायला वाकलेली असते ती बहुतेकदा सूनच. बिनजमिनीचा मजूर तर यात कुठेच बसत नाही, मग तो दुसऱ्याच्या शेतात काम करताना का मेला असेना. या दोघांना यादीत घ्या, असे ठराव ग्रामपंचायतींनी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाकडे पाठवावेत. तोवर दारिद्र्यरेषेखालच्या घरातला 18 ते 59 वयाचा कर्ता गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत 20 हजार रुपये मिळतात, आणि निराधार विधवेला संजय गांधी योजनेतून महिन्याला 1500. दोन्हींची चौकशी तहसीलच्या संजय गांधी शाखेत होते. मजुराच्या घरी भेटायला जाल तेव्हा हे दोन्ही अर्ज सोबत घेऊन जा.