मऊ सीट म्हणजे आरामाची सीट नव्हे

ओटीपोटाच्या तळाशी सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेले दुखणे बसल्यावर अनेकदा बळावते. त्यामुळे अशा रुग्णाने ‘सर्वांत मऊ सीटची गाडी घ्यावी’ हा सल्ला उलटा पडू शकतो. मऊ फोम दबला की बसण्याची हाडे रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर, म्हणजे प्युडेंडल नसेच्या वाटेवर येतो. ही नस दुखावलेल्यांना कमोडवर बसल्यावर तुलनेने बरे वाटते. तिथे मधे काही टेकतच नाही. म्हणून सीट सपाट आणि किंचित घट्ट हवी. कडा उचललेली खोलगट ‘स्पोर्टी’ सीट दिसते झकास, पण या दुखण्यात नकोच.

क्लच दाबताना दर वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही ताणले जातात. शहरातल्या कोंडीत ऑटोमॅटिक गाडी बरी. मधे कापलेली उशी वापरायची असेल, तर ती शोरूममध्ये नेऊनच बसावे. उशीने उंची वाढते, डोके छताला लागू शकते, सीटबेल्टही जागचा सरकू शकतो. तो कमरेच्या हाडांवरच राहायला हवा. दहा मिनिटांच्या चकरेत काही कळत नाही. गतिरोधकांच्या रस्त्यावर निदान पाऊण तास गाडी चालवून पाहावी.