रुग्णाचा स्वभाव कशाला काढता?

रक्ताचा कॅन्सर झाला की शेजारीपाजारी म्हणतात, 'सगळं मनात ठेवायचा, म्हणून झाला.' पूर्वी कर्म म्हणत, आता स्वभाव म्हणतात. दोष रुग्णाचाच! १९८० च्या दशकात 'टाइप सी' व्यक्तिमत्त्वाचा सिद्धांत गाजला. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही. उपचारातल्या स्टेरॉइडने झोप उडते, माणूस चिडतो. घरचे म्हणतात, स्वभाव बिघडला. अहो, तो औषधाचा परिणाम! काळजीखोर माणसाला उदासी लवकर गाठते हे खरे. मग त्याचीच चौकशी आधी नको का? परळच्या फुटपाथवर केमोच्या तारखेची वाट पाहणाऱ्या आमच्या माणसाला 'झोप लागते का?' असे कोण विचारतो? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. रक्ताच्या रिपोर्टबरोबर तोही मागा, लाजू नका.