उघड्या दाराची मैफल

गौलीगुड्याला शांत वस्ती असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. नावात गवळी असला, तरी गाईगुरांच्या गळ्यांतील घंटांचा काळ आमच्या आजोबांबरोबरच गेला. आमच्या लहानपणीचा गौलीगुड्याचा खरा आवाज म्हणजे बसस्थानकाच्या प्रचंड अर्धगोल लोखंडी छपराखाली घुमणारा कल्लोळ. कंडक्टरांच्या हाका, हमालांची घाई, इंजिनांची घरघर, हे सारे त्या छपरावर आदळून दुप्पट होऊन खाली येई. ते निजामी अमदानीतले छप्पर जुलै २०१८ मध्ये कोसळले. आवाज मात्र कोसळला नाही. हनुमान जयंतीची शोभायात्रा येथल्याच राममंदिरापासून निघते. गणेशविसर्जनाची मिरवणूक जवळच अफझलगंजातून मोअज्जमजाही मार्केटकडे जाते. आवाज म्हणजेच उत्साह, हे समीकरण आमच्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्या आवाजापायी कोणी घरात कोंडला जात असेल, ही शंका आम्हांस सहसा शिवत नाही.

ही शंका मला शिवली ती एका गणेशोत्सवात, आणि तीही उशिरा. एका मंडळाचा भावगीतांचा कार्यक्रम होता. पलीकडच्या वाड्यातील काकू आपल्या सात वर्षांच्या नातवाला घेऊन पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. मुलगा पहिले गाणे डोलत ऐकत होता. दुसऱ्या गाण्याच्या आरंभी ध्वनिक्षेपकाने एक कर्कश किंकाळी फोडली. मुलाने दोन्ही कान गच्च दाबले आणि तोही ओरडू लागला. काकू त्याला कसेबसे उचलून भरल्या सभेतून बाहेर घेऊन गेल्या. वाटेत पन्नास माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांतली एक मान माझी होती, आणि माझ्या चेहऱ्यावर त्या क्षणी करुणा नव्हती, रसभंगाची नाराजी होती, हे मला कबूल केले पाहिजे.

पुढे काही दिवसांनी काकू भाजी घेताना भेटल्या. “हल्ली कार्यक्रमांना दिसत नाही तुम्ही,” असे मी अगदी सहज म्हणाले. त्या म्हणाल्या, “अगं, त्याला गाणं सोसत नाही असं नाही. घरी रेडिओला कान लावून बसतो. मागे वळणाऱ्या माना मला सोसत नाहीत.”

मुलगा स्वमग्न आहे. स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे आणि हट्टीपणा तर नव्हेच. आपल्या कानांवर एकाच वेळी कितीतरी आवाज पडत असतात. पंख्याची फरफर, खुर्च्यांची ओढाओढ, शेजारणीची कुजबुज यांतून आपले मन नकळत गाणे तेवढे निवडून घेते. पुष्कळ स्वमग्न मुलांच्या बाबतीत ही चाळणी आपल्यासारखी चालत नाही; सगळेच आवाज सारख्याच जोराने येऊन धडकतात. त्यातही अचानक आलेला आवाज फार जाचतो. उलट काही मुलांना आवाजाची ओढच असते. ढोलाच्या अगदी जवळ जाऊन उभे राहावेसे वाटते. एका मुलावरून दुसऱ्याची पारख करता येत नाही.

काकूंचे ते वाक्य मनात सलत असतानाच अमेरिकेतून माझ्या भाचीचे लांबलचक पत्र आले. तिच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या दालनात एक मैफल झाली होती आणि दारावर स्वयंसेविका म्हणून ती उभी होती. मैफल क्यूबाकडील आफ्रिकी वळणाच्या जॅझची आणि लॅटिन संगीताची, प्रवेश विनामूल्य, आणि ज्यांना गोंगाट, लखलखाट, गर्दी सोसत नाही अशांसाठीच ती मुद्दाम मांडलेली. मला प्रथम हसू आले. ढोल, झांजा आणि ट्रम्पेट यांचे ते संगीत. ते या मुलांसाठी? उद्या कोणी ताशांच्या साथीने अंगाई म्हणेल! पण पत्र वाचत गेले तसतसे हसू मावळत गेले.

आठवडाभर आधी घरोघरी एक सचित्र पत्रक गेले होते: दार असे दिसते, वादक हे असे आहेत, हे वाद्य असा आवाज करते, मध्ये टाळ्या वाजतील. जे अनपेक्षित, तेच या मुलांना भिववते. म्हणून शक्य तेवढे आधीच सांगून टाकलेले. सभागृहात काळोख केला नव्हता. दिवे मंद, पण एकसारखे. ध्वनिक्षेपक जेमतेम, आणि ट्रम्पेटच्या तोंडाशी आवाज दबवणारे बूच बसवलेले. खुर्च्यांमध्ये ऐसपैस अंतर, खाली सतरंज्या. बाजूला एक निवांत खोली. मुलाला गाणे जड झाले की तेथे जावे, हलके वाटले की परत यावे. आवाज अडवणारी, कानांवर चढवायची जाड साधने दाराशी टोपलीत ठेवलेली. ज्याला हवी त्याने उचलावीत. दार शेवटपर्यंत उघडे. भाची लिहिते: “एक मुलगा तासभर स्वतःभोवती गिरक्या घेत होता. कोणी त्याला बस म्हणाले नाही. गाणे संपल्यावर एका मुलीने ढोलाच्या अंगावर तळहात ठेवला, आणि वादकाने तिच्यासाठी तो पुन्हा हळूच वाजवला. एक आई मागे बसून रडत होती. मी पाणी नेऊन दिले, तर म्हणाली, काही नाही, आज पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसलो.”

ही काही एका गावाची लहर नव्हे. न्यूयॉर्कमध्ये थिएटर डेव्हलपमेंट फंड या संस्थेने ऑक्टोबर २०११ मध्ये ‘द लायन किंग’ या गाजलेल्या संगीतनाटकाचा एक प्रयोग स्वमग्न प्रेक्षकांसाठी केला. आवाज आणि डोळे दिपवणारे प्रकाश तेवढे कमी केले, नाटक तेच ठेवले. त्याच शहरातील लिंकन सेंटरने एप्रिल २०१८ मध्ये अशा मुलांसाठी एक सबंध कलामहोत्सव भरवला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी जी मानके घालून दिली, त्यांत सरासरी आवाज १०० डेसिबलपेक्षा जास्त नसावा, श्रोत्यांना कानांचे संरक्षण मिळावे आणि कान विसावण्यासाठी शांत जागा असावी, असे सांगितले आहे. ही मानके स्वमग्न मुलांसाठी नव्हेत, तुमच्याआमच्यासाठी आहेत. त्या मुलांचे कान जे आज ओरडून सांगतात, तेच आपले कान वीस वर्षांनी बहिरे होऊन सांगणार आहेत.

आता त्या संगीताविषयी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी आपले ताल क्यूबात जिवंत ठेवले. तेथील गुलामगिरी १८८६ मध्ये संपली. ताल राहिले आणि स्पॅनिश गाण्यात मिसळले. पुढे हवानाचे मारिओ बाउसा न्यूयॉर्कला गेले. माचितो यांच्या वाद्यवृंदात त्यांनी हे ताल आणि अमेरिकी जॅझ यांचा संगम घडवला. १९४३ मधील त्यांची ‘टांगा’ ही रचना या प्रकाराचा आरंभ मानली जाते. १९४७ मध्ये ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांनी क्यूबाचे ढोलवादक चानो पोसो यांना कार्नेगी हॉलच्या मंचावर आणले, आणि हे संगीत जगभर झाले.

या संगीताच्या मुळाशी ‘क्लावे’ आहे. क्लावे म्हणजे लाकडाच्या दोन आखूड कांड्या आणि त्यांवर वाजणारा पाच आघातांचा आकृतिबंध: एका भागात तीन, दुसऱ्या भागात दोन. तो अव्याहत फिरत राहतो. ट्रम्पेट कितीही उंच भरारी घेवो, ढोल कितीही खेळो, सगळ्यांना त्या पाच आघातांच्या अंगणातच परतावे लागते. आपल्याकडे भजनातला टाळ किंवा तबल्याचा ठेका हेच काम करतो. पुढे गाण्यात एक जागा अशी येते की, मुख्य गायक नवे नवे बोल टाकतो आणि मागचे सारे एकच ओळ पुनःपुन्हा धरतात. पोवाड्यातील शाहीर आणि झीलकरी यांची आठवण ज्याला होणार नाही, तो मराठी नव्हे. पुढे काय येणार हे ज्यात कळत राहते, ते संगीत अनपेक्षिताला भिणाऱ्या मुलाला धीर देत असेल, तर त्यात नवल ते काय? आवाज उतरवला की उरतो तो हा ताल. आणि ताल म्हणजे गोंगाट नव्हे.

शिवाय हे ताल आपल्याला परके आहेत हाही भ्रमच. पुणतांब्यात १९१८ मध्ये जन्मलेले आपले सी. रामचंद्र अर्थात रामचंद्र चितळकर यांनी ते हिंदी चित्रपटांत आणले. भगवानदादांच्या १९५१ च्या ‘अलबेला’वर आपल्या आईवडिलांच्या पिढीने ठेका धरला, त्या काळी चितळकरांचे सहायक होते गोव्याचे ट्रम्पेटवादक अँतोनियो झेव्हियर वाझ, म्हणजेच प्रसिद्ध चिक चॉकलेट. बाँगो आणि काँगा ही वाद्ये मुंबईच्या स्टुडिओंत रुजवली ती कावस लॉर्ड या पारशी वादकाने. आणि आपल्या हैदराबादेत तर आफ्रिका दाराशीच आहे. ए. सी. गार्ड्स या मोहल्ल्याचे नाव निजामाच्या आफ्रिकी घोडदळावरून पडले. तेथील सिद्दींच्या आणि बारकसच्या अरबांच्या मरफ्याचा ठेका ऐकल्यावाचून या शहरात कोणाचे बालपण सरत नाही. समुद्र ओलांडून एक ताल क्यूबाला गेला, दुसरा मुसीकाठी आला. आपले कान दोघांनाही ओळखतात.

तेव्हा प्रश्न संगीताचा नाही, मांडणीचा आहे. आपली मंडळे कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ‘प्रवेश विनामूल्य’ असे अभिमानाने छापतात. पण काकूंसारख्यांना तिकिटाखेरीज आणखी एक मोल मोजावे लागते, ते वळणाऱ्या मानांचे. ते जोवर माफ होत नाही तोवर आपला कार्यक्रम विनामूल्य नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने स्वमग्नतेचा आपल्या यादीत समावेश केला आहे, आणि सांस्कृतिक जीवनात बरोबरीने भाग घेण्याचा हक्क याच कायद्यात स्वतंत्र कलमाने मान्य केला आहे. कायदा सरकारला सांगतो. आपल्याला आपल्या मनाने सांगावे.

करण्यासारखे फार थोडे आहे, आणि त्याला वर्गणी वाढवावी लागत नाही. उत्सवातील एक दुपार, एकच तास, अशा घरांसाठी राखावी. ध्वनिक्षेपक आधी तपासून घ्यावा आणि अर्ध्यावर ठेवावा. दिवे जळते असावेत. एक खोली सतरंजी टाकून मोकळी ठेवावी. चार ओळींचे पत्रक आधी घरी पोहोचवावे. टाळ्यांऐवजी हात हलवले तरी गायकाला आनंद होतो. दाराशी असा माणूस उभा करावा की, जो आतबाहेर करणाऱ्याला ‘का’ म्हणून विचारणार नाही. अधिक माहिती हवी असल्यास सिकंदराबादेत मनोविकासनगरला बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे. तेथील जाणत्यांना विचारावे. आणि त्या दिवशी प्रास्ताविक, सत्कार आणि आभारप्रदर्शन यांना रजा द्यावी. या शेवटच्या सूचनेबद्दल स्वमग्न नसलेले श्रोतेही मंडळाला दुवा देतील.

एका कार्यकर्त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “चारदोन मुलांसाठी एवढे?” मी त्यांना उत्तर दिले नाही, आपल्या वाडवडिलांची आठवण तेवढी करून दिली. निजामाच्या राज्यात, भाषा वेगळी, दरबार वेगळा, अशा ठिकाणी मूठभर मराठी घरांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढली, ग्रंथालय उभे केले. ‘चारदोन मुलांसाठी एवढे?’ असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर आज हे मासिक वाचायला कोणी उरले नसते. थोड्यांसाठी जागा करणे म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्याने शिकवण्याची गरज नसावी.

मंडळ ठरवील तेव्हा ठरवील. आमच्या माडीवर यंदा कोजागिरीला एक छोटी मैफल करायचे आम्ही घरच्यांनी योजले आहे. पेटी, तबला, आणि एका भाच्याने हौसेने आणलेले बाँगो, ध्वनिक्षेपक नाही. दहाबारा माणसे, मसाला दूध, आणि शेजारची खोली रिकामी. काकूंना आमंत्रण द्यायला मी स्वतः गेले. जाताना त्या कार्यक्रमातील माझ्या वळलेल्या मानेबद्दल क्षमा मागायची असे ठरवले होते, ती मागितली. काकू काही बोलल्या नाहीत. नातू खिडकीशी बसून गजावर बोटांनी काहीतरी वाजवत होता, एकच ठेका, पुनःपुन्हा.

बऱ्याच वेळाने काकूंनी विचारले, “मध्येच उठून जावं लागलं तर?”

“तर जा. आणि वाटलं तर परत या. दार उघडंच असेल.”

“बघू,” काकू म्हणाल्या.

त्या येतील की नाही, मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांचा संकोच एका आमंत्रणाने जावा, ही अपेक्षाही नाही. पण त्या रात्री माडीचे दार उघडे राहील, आणि जिन्यावर पाऊल वाजले तर कोणाचीही मान वळणार नाही, एवढी व्यवस्था आम्ही करणार आहोत. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे मूल असेल, किंवा कोणाच्या मंडळाने असे काही योजले असेल, त्यांनी अवश्य कळवावे.