गरज सरल्यानंतरचा सोबती

‘पर्सोना ५’ हा व्हिडिओ गेम जपानात १५ सप्टेंबर २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात एक मांजर आहे. निदान पाहणाऱ्यांना तरी ते मांजरच दिसते. त्याचे नाव मॉर्गाना. आपण मांजर नसून स्मृती हरवलेला माणूस आहोत, असा त्याचा ठाम दावा आहे आणि कोणी त्याला मांजर म्हटले की तो संतापतो. खेळाचा नायक हा खोट्या आरोपापायी शाळेतून काढून टाकला गेलेला आणि टोकियोतील एका लहानशा कॉफीगृहाच्या माळ्यावर वर्षभरासाठी राहावयास आलेला विद्यार्थी. मॉर्गाना त्याच्या दप्तरात बसून शाळेत जातो, बाकाच्या खणात दडून राहतो आणि रात्री ‘आता झोप’ म्हणून त्याला बजावतो. जगाला त्याचे म्याँव तेवढे ऐकू येते. त्याचे बोलणे मोजक्या मित्रांनाच समजते. या आगाऊ, अहंमन्य आणि मनातून धास्तावलेल्या प्राण्याने जगभरच्या तरुणांना लळा लावला आहे. हा लळा म्हणजे केवळ पोरखेळ, असे समजून त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. परंतु ते शहाणपणाचे नव्हे.

ज्या प्रकारच्या खेळांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन दीर्घ कथानकातून प्रवास करतो, त्यांत मनुष्येतर सोबत्याची परंपरा जुनी आहे. १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’साठी चित्रकार अकिरा तोरियामा यांनी काढलेला निळा, थेंबासारखा, हसरा ‘स्लाइम’ हा खरे तर नायकाचा शत्रू, आणि शत्रूंतही सर्वांत दुबळा. तोच पुढे त्या मालिकेचे मानचिन्ह बनला. ‘फायनल फँटसी’ मालिकेत १९८८ साली स्वारीचा ‘चोकोबो’ पक्षी आला आणि १९९० साली इवलासा ‘मूगल’ आला. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांचा अप्पू हत्ती ज्यांना आठवतो, त्यांना ‘शुभंकर’ ही कल्पना नवी नाही. फरक इतकाच की, अप्पू स्पर्धेच्या फलकावर उभा होता. हे शुभंकर खेळणाऱ्याबरोबर शेकडो तास चालतात.

या आकर्षणाचे पहिले स्पष्टीकरण जीवशास्त्र देते. मोठे डोके, मोठे डोळे, उंच कपाळ आणि गुबगुबीत अवयव या बालसदृश लक्षणांमुळे माणसात संगोपनाची वृत्ती जागी होते, असा सिद्धांत कोन्राड लॉरेन्झ यांनी १९४३ साली मांडला. मॉर्गानाचे डोके त्याच्या धडाएवढे आहे, हा योगायोग नव्हे. दुसरे स्पष्टीकरण रचनाकाराच्या सोयीचे आहे. अशा खेळांतील नायक बहुधा अबोल असतो, कारण त्याच्या मुखाने खेळणाऱ्यानेच बोलावे अशी अपेक्षा असते. मग वाट दाखवणारा, नियम समजावून देणारा आणि चूक झाली की टोकणारा कोणीतरी लागतो. हे काम माणसाने केले तर ते गुरुजींच्या उपदेशासारखे वाटेल. तेच एखाद्या बोलक्या प्राण्याने केले तर खपून जाते. दोन्ही स्पष्टीकरणे खरी आहेत. तथापि, ती अपुरी आहेत. गोंडस चेहरे तर असंख्य आहेत आणि वाट दाखवणारेही पुष्कळ आहेत. त्यांतले बहुतेक खेळ संपताच विस्मरणात जातात. मग काही मोजकेच मनात घर का करतात?

याचे उत्तर शोधताना विनिमयाचा, म्हणजे देण्याघेण्याचा, विचार करावा लागतो. जपानी बालकांना पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेलेल्या मोमोतारोच्या लोककथेत नायक राक्षसांच्या बेटावर निघतो, तेव्हा वाटेत त्याला कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी भेटतात. त्याच्या कमरेला भरडधान्याचे उंडे बांधलेले असतात. प्रत्येक प्राणी उंडा मागतो आणि तो मिळाल्यावर मोहिमेत सामील होतो. अर्थशास्त्राच्या भाषेत हा सरळ श्रमाचा करार आहे. उंडा हे वेतन आणि राक्षसाशी लढणे हे काम. कथा गोड आहे. पण उंडा न मिळता तर ते तिघे आले असते काय, हा प्रश्न ती विचारीत नाही.

मॉर्गानाची कथाही करारानेच सुरू होते. एका विचित्र किल्ल्याच्या तुरुंगात तो कोंडलेला असतो. ‘मला सोडवा, मी बाहेरची वाट दाखवतो’ हा त्याचा पहिला प्रस्ताव. पुढेही त्याचे महत्त्व त्याच्या ज्ञानावर उभे राहते. त्या दुसऱ्या, मनोमय जगाचे नियम त्यालाच ठाऊक असतात, वाटाड्या तोच असतो आणि वेळ आली की मोटारगाडीचे रूप घेऊन तो सर्वांना वाहूनही नेतो. मग खेळाच्या मध्यावर फुताबा नावाची एक अतिबुद्धिमान मुलगी गटात येते. वाटाड्याचे काम ती त्याच्यापेक्षा कितीतरी सरस करते. कोणी मॉर्गानाला जा म्हणत नाही. फक्त त्याला विचारण्याची गरज कोणाला उरत नाही. त्याची चिडचिड वाढते, भांडण होते, एका मित्राच्या तोंडून तो निरुपयोगी असल्याचा शब्द निघून जातो आणि मॉर्गाना गट सोडून निघून जातो. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण ज्या समाजांत जन्मली नाही, त्यांनाही तिचा अर्थ या प्रसंगात कळतो.

हा प्रसंग कथानकात कोठे येतो, हे पाहण्यासारखे आहे. त्याच प्रकरणात तरुणांचा गट ज्या प्रतिपक्षाशी झुंजत असतो, तो ओकुमुरा नावाचा एका खाद्यपदार्थ कंपनीचा मालक आहे. या खेळात दुष्ट माणसाच्या मनातील विकृत जग त्याच्या महालाच्या रूपाने दिसते. ओकुमुराचा महाल म्हणजे एक अंतराळस्थानक, आणि तेथील सारे कर्मचारी यंत्रमानव आहेत. त्यांना मोडेपर्यंत राबवायचे आणि मोडल्यावर भंगारात टाकायचे, ही तेथील रीत. मालकाच्या दृष्टीने कामगार हे खर्ची पडणारे साधन आहे, आणि नेमक्या त्याच वेळी नायकाच्या गटातील एक सोबती, आपला उपयोग संपला म्हणून, घराबाहेर पडतो. ज्या वृत्तीविरुद्ध लढावयाचे, तिचाच अंश लढणाऱ्यांच्या घरात शिरलेला आहे, हे येथे सूचित होते.

जपानी तरुणांना हा प्रसंग परका वाटला नसेल. युद्धोत्तर काळात मोठ्या जपानी कंपन्यांनी आजन्म नोकरीची प्रथा रुजवली होती. १९९० च्या दशकारंभी जमिनीच्या आणि समभागांच्या किमतींचा फुगा फुटला, त्यानंतर ती प्रथा खिळखिळी झाली. कामगार कपातीसाठी ‘पुनर्रचना’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून ‘रिसुतोरा’ असा शब्दच जपानी भाषेत रूढ झाला. १९९० मध्ये तेथील नोकरदारांपैकी सुमारे एकपंचमांश लोक अनियमित स्वरूपाच्या कामावर होते. हा खेळ आला तेव्हा ते प्रमाण एकतृतीयांशाच्या वर गेले होते. ‘आपण उपयोगी पडलो नाही तर आपले काय होईल?’ हा प्रश्न मांजराच्या तोंडी घातला म्हणून हलका होत नाही. किंबहुना माणसाच्या तोंडून जो प्रश्न ऐकताना संकोच वाटला असता, तो मांजराच्या तोंडून निःसंकोच ऐकता येतो. मनुष्येतर सोबत्याचे खरे सामर्थ्य येथे आहे.

मॉर्गाना पुढे परत येतो. पण वाटाड्याचे पद त्याला परत मिळत नाही. ते फुताबाकडेच राहते. सरस माणसाला दूर सारून जुन्याची समजूत काढावी, असा खोटा न्याय खेळ करीत नाही. यावर टीकाकार म्हणेल की, मॉर्गाना अखेर गाडी म्हणून उपयोगी होताच. त्यामुळे त्याला परत घेण्यात औदार्य कसले? आक्षेप चुकीचा नाही, पण खेळाची रचना त्याला परस्पर उत्तर देते. लढाईत एका वेळी चौघांनाच उतरता येते. नायक अनिवार्य, उरलेले तिघे कोण असावेत, हे खेळणाराच ठरवतो. मॉर्गाना परत आल्यावर त्याला राखीव बसवून अधिक समर्थ पात्रे निवडण्यास कोणाची आडकाठी नाही. अनेक खेळाडू तसे करतातही. परंतु लढाईतून वगळलेला हा सोबती दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दप्तरात असतोच, आणि रात्री माळ्यावरही असतो. चमूतील जागा कर्तबगारीवर ठरते. घरातील जागा तशी ठरत नाही. खेळ हे व्याख्यान देऊन सांगत नाही, तर दररोजच्या सवयीतून अंगवळणी पाडतो.

याच जातीचे आणखी एक उदाहरण जुने आहे. १९९६ च्या ‘पोकेमॉन’ खेळात १५१ प्राणी होते. ते पकडावयाचे, वाढवावयाचे आणि अधिक बलवान रूपात परिणत करावयाचे, हा त्याचा गाभा. जुना, दुबळा प्राणी पेटीत ठेवून नवा घेणे हे त्यात शहाणपणाचे ठरते. परंतु १९९८ च्या ‘पिवळ्या’ आवृत्तीत पिकाचू पेटीबाहेर, नायकाच्या मागोमाग चालत राहतो. त्याच्याकडे वळून पाहिले की त्याचा रुसवा किंवा आनंद दिसतो. आणि ज्या वज्रमण्याने तो अधिक शक्तिमान होऊ शकतो, तो मणी हा पिकाचू चक्क नाकारतो. सुधारणेला नकार देणारा प्राणी हिशेबाच्या दृष्टीने तोट्याचा, तरीही मुलांनी त्यालाच उराशी धरले. दूरचित्रवाणीवरील पिकाचूला १९९७ पासून आवाज देणाऱ्या इकुए ओतानी यांनीच मूळ जपानी खेळात मॉर्गानाला आवाज दिला, ही गोष्टही सूचक आहे.

येथवर चित्र उजळ आहे. त्याला दुसरी बाजूही आहे. जी माया विनिमयाच्या पलीकडची म्हणून मोलाची वाटते, तिचाच विनिमय करण्यास बाजार नेहमी टपलेला असतो. बाहुल्या, पिशव्या आणि चषक यांची विक्री जुनी आहे. ती फारशी आक्षेपार्हही नाही, कारण तेथे काय विकत घेतले हे ग्राहकाला कळते. त्याहून सूक्ष्म प्रकार सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘गेनशिन इम्पॅक्ट’ या चिनी खेळात दिसतो. खेळ फुकट आहे. पायमॉन नावाची हवेत तरंगणारी चिमुरडी सोबतीण प्रवाशाबरोबर सतत असते, त्याच्या वतीने बोलते, हसवते. आणि खेळातील दुकानाच्या एका विभागाला याच सोबतिणीचे नाव दिलेले आहे. नवी पात्रे सोडतीने मिळतात. एका सोडतीस खेळातील १६० रत्ने लागतात आणि पात्रांच्या विशेष सोडतीत सर्वोच्च श्रेणीच्या पात्राची हमी मिळण्यास ९० सोडतींपर्यंत थांबावे लागू शकते. रत्ने खेळून मिळवता येतात, तशीच पैसे टाकूनही. सोबतीण आणि दुकानदारीण एकाच नावाने वावरू लागल्या की तरुण मनाला दोहोंतील सीमारेषा दिसेनाशी होते. सोबत्याची पारख करण्याची कसोटी म्हणून एवढे विचारावे: काहीच विकत घ्यावयाचे नसेल, तेव्हाही हा जवळ असतो काय, की तेव्हाही दुकानाचीच वाट दाखवतो?

अखेरचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. पडद्यावरचा मॉर्गाना कोणावर प्रेम करीत नाही. त्याची वाक्ये पगारी लेखकांनी लिहिलेली आहेत. मग ही माया आत्मवंचना नव्हे काय? ॲडम स्मिथ यांचे नाव घेताच १७७६ चा राष्ट्रांच्या संपत्तीवरील ग्रंथ आठवतो. पण त्याच्या सतरा वर्षे आधी, १७५९ साली, त्यांनी नैतिक भावनांवर ग्रंथ लिहिला होता, आणि कल्पनेने दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याची शक्ती हा त्याचा पाया होता. त्या दृष्टीने पाहता मॉर्गाना खेळणाऱ्याला काय देतो, हा प्रश्न दुय्यम ठरतो. त्याच्या निमित्ताने खेळणारा काय देण्यास शिकतो, हा मुख्य. जो तरुण एका चित्रातल्या मांजराला ‘तुझे काम दुसऱ्याने घेतले, तरी तू आमचाच’ असे मनोमन म्हणतो, त्याने एक कठीण वाक्य उच्चारून पाहिलेले असते.

ते वाक्य खऱ्या आयुष्यात म्हणण्याचे प्रसंग थोडे नसतात. नव्या यंत्रामुळे ज्याची टेबलावरची गरज संपली तो सहकारी, गुणांच्या यादीत तळाला गेलेला वर्गमित्र, निवृत्तीनंतर कोणी सल्ला न विचारणारे वडील, हे सारे त्या वाक्याची वाट पाहत असतात आणि बहुधा मॉर्गानाप्रमाणेच चिडचिडीच्या आडून ते मागत असतात. खेळातील तरुणांना आपल्या हरवलेल्या सोबत्याच्या शोधात निघावे लागले, तेव्हा कोठे त्याचा रुसवा गेला. घरातल्या आणि कचेरीतल्या रुसलेल्यांच्या शोधात कोण निघणार, हे मात्र कोणताही खेळ ठरवून देऊ शकत नाही.