संशोधन हेही श्रमच

डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेत ‘सारथी’च्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न निघाला असता, पीएच.डी. करून मुले काय दिवे लावणार, असा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी केला. शब्द एका मंत्र्याचे असले तरी त्यामागील धारणा जुनी आहे. संपन्नांच्या मुलाने संशोधन केले तर ती विद्वत्ता. कष्टकऱ्याच्या मुलाने केले तर ती खजिन्याची उधळपट्टी!

या सवालाचे उत्तर प्रभादेवीशेजारच्या परळमधील बीआयटी चाळीने कधीच दिले आहे. या चाळीत राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 साली तिची मुदत संपताच लंडनमधील अभ्यास अर्ध्यावर सोडून त्यांना परतावे लागले. सिडनॅम महाविद्यालयात अध्यापन करून, शाहू महाराज व मित्रांचे साहाय्य घेऊन ते 1920 साली पुन्हा गेले आणि 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने डी.एस्सी. झाले. बुद्धी तीच होती. मधली तीन वर्षे पैशाने अडवली.

ही अडवणूक अटळ नाही. स्वीडनमधील विद्यापीठांत पीएच.डी.चा विद्यार्थी बहुतांशी विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. विषय वैद्यकाचा असो, इतिहासाचा असो वा अभियांत्रिकीचा; शिक्षणशुल्क नाही, आणि आजारपणाची व बालसंगोपनाची रजा हक्काची. प्रबंध तयार झाला की जाहीर परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधी तो विद्यापीठाच्या फलकावर खिळ्याने ठोकण्याची जुनी प्रथा आहे. परीक्षेलाही कोणीही नागरिक येऊन बसू शकतो, प्रश्न विचारू शकतो. समाज वेतन देतो, म्हणून संशोधक समाजापुढे उभा राहतो. वेतन आणि उत्तरदायित्व ही एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत.

भारतात जानेवारी 2023 पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा 37,000 रुपये झाली खरी. पण ती नेट परीक्षेत वरचे स्थान मिळवणाऱ्यांपुरती. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती तर केंद्राने 2022 साली बंदच केली. उरलेल्यांनी शिकवण्या घ्याव्यात, तासिका तत्त्वावर राबावे आणि रात्री प्रबंध लिहावा!

याची किंमत केवळ त्या तरुणांना मोजावी लागत नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्या संपावरचा महत्त्वाचा ग्रंथ डच अभ्यासक व्हान वेर्श यांनी लिहिला. मुंबईच्या कामगारवर्गाचा इतिहास राजनारायण चंदावरकरांनी केंब्रिजमध्ये बसून मांडला. दोघांचेही ऋण मोठे आहे. परंतु हे ज्ञान इंग्रजीत राहिले आणि ज्यांच्याविषयी ते आहे त्यांच्या चाळींपर्यंत क्वचितच पोहोचले. कापसाच्या धुळीने फुप्फुसे निकामी करणारा बिसिनोसिस, गिरण्यांच्या जमिनींचे वाटप, संपानंतर घर चालवणाऱ्या स्त्रियांचे श्रम हे वैद्यक, कायदा आणि अर्थशास्त्राचे विषय प्रभादेवीच्या काचेच्या मनोऱ्यांखाली दबून आहेत. ते उकरून काढण्याची आच कामगारांच्या नातवंडांना असेल. पण त्यांना सहा वर्षे पोसणार कोण?

म्हणून मागणी दुहेरी हवी. प्रत्येक पूर्णवेळ संशोधकाला नियमित वेतन व कामगाराचे हक्क मिळावेत; आणि प्रत्येक प्रबंधाचा मराठी सारांश, तो ज्या वस्तीविषयी आहे त्या वस्तीत, जाहीरपणे मांडला जावा. कार्यकर्त्यांनी ही मागणी विद्यापीठाच्या दारापर्यंत न्यावी. दिवे लावायला हात तयार आहेत. तेल मात्र समाजालाच घालावे लागेल.